मध्यवर्ती माध्यमसंग्रह आणि त्याचा परिशेष

घरातील गाणी, चित्रपट, कीर्तने, छायाचित्रे आणि लग्नाची शूटिंग असा सारा साठा एकाच संगणकावर ठेवावा, घरातील बाकीच्या संगणकांनी, टीव्हीने व मोबाईलांनी तो वायरीवरून किंवा वायफायवरून जागच्या जागी पाहावा-ऐकावा आणि त्याच्या प्रती कोणी करू नयेत, अशा व्यवस्थेला गृहांतर्गत मध्यवर्ती माध्यमसंग्रह म्हणता येईल. ज्या संगणकावर साठा असतो त्याला सर्व्हर म्हणजे पुरवठा करणारा, आणि जे त्याच्याकडून घेतात त्यांना क्लायंट म्हणजे मागणारे, अशी शास्त्रीय नावे आहेत. घरात मात्र पहिल्याला ‘मोठा कॉम्प्युटर’ आणि इतरांना ज्याच्या त्याच्या मालकाच्या नावाने ओळखले जाते. व्याख्येतील शेवटची अट, म्हणजे प्रती न करण्याची, ही मंठ्यासारख्या तालुक्याच्या गावी व्यवस्था सुरू होण्यापूर्वीच मोडलेली असते, आणि प्रस्तुत विवेचनाचा रोख मुख्यतः त्या मोडलेल्या अटीकडे आहे.

जालना जिल्ह्यातील मंठा हे रेल्वे नसलेले गाव आहे. गाडी पकडायची तर परतूर गाठावे लागते, आणि त्यामुळे करमणुकीचे साहित्यही या गावात नेहमी रस्त्याने, कोणाच्या तरी पिशवीतून आले. १९८०च्या दशकात मराठवाड्यातील इतर तालुक्यांच्या गावांप्रमाणे येथेही टीव्ही आणि व्हीसीआर एका रात्रीपुरते भाड्याने आणले जात, आणि भाडे वसूल व्हावे म्हणून एका रात्रीत तीन चित्रपट पाहिले जात. त्यांतील तिसरा शेवटपर्यंत जागून पाहणे ही करमणूक नव्हती, काटकसर होती. पुढे कॅसेट आली, कॅसेटीमागून सीडी आली आणि सीडीमागून मेमरी कार्ड आले. ‘कार्ड भरून देणे’ हा मोबाईल दुकानांचा एक स्वतंत्र धंदा झाला: गिऱ्हाइकाने कार्ड काढून द्यावे, ‘जुनी गाणी टाका, थोडे भारूड टाका, पोरांसाठी एखादा पिक्चर टाका’ असे सांगावे आणि चहा होईपर्यंत थांबावे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झाल्यावर डेटा स्वस्त झाला आणि हा धंदा ओसरला, पण त्याने रुजविलेली समजूत ओसरली नाही. जे आपल्या कार्डात नाही ते आपले नाही, अशी ही समजूत असून मध्यवर्ती संग्रहाच्या मूळ कल्पनेला तिच्याइतका चिवट विरोध दुसऱ्या कशाचाही झालेला दिसत नाही.

घरात अनेक संगणक असणे ही श्रीमंतीची खूण समजू नये. जुने यंत्र टाकून देण्याची पद्धत नसल्यामुळे ते आपोआप घडते. सर्वांत जुना डेस्कटॉप बहुधा एमएस-सीआयटीच्या काळातला असतो. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या या अभ्यासक्रमाला शासकीय नोकरीत संगणक अर्हता म्हणून मान्यता मिळाल्यामुळे शिक्षक, ग्रामसेवक आणि तलाठी यांच्या घरांत संगणक शिरला, आणि परीक्षा उत्तीर्ण झाल्यानंतर त्याच्यापुढे गाणी वाजविण्याखेरीज दुसरे काम उरले नाही. त्याच्या जोडीला कृषी सेवा केंद्रात बिले करून दमलेला आणि दुकानात नवा आल्यावर घरी पाठविलेला संगणक असतो. पुण्याला कंपनीत लागलेल्या मुलाने स्वतःला नवा घेऊन बहिणीला दिलेला लॅपटॉप असतो. करोनाच्या काळात शाळा पडद्यावर भरू लागली तेव्हा घाईने घेतलेला टॅब असतो. आणि बैठकीत स्मार्ट टीव्ही असतो. प्रत्येकात गाण्यांचा स्वतंत्र साठा आणि प्रत्येक साठ्यात ‘सैराट’ची एक प्रत, क्वचित अर्धीच, असे साधारण प्रमाण आढळते. ही प्रत कोठून आली, असा प्रश्न कोणी विचारीत नाही. १९५७च्या प्रताधिकार कायद्यातील कलम ५२ खासगी वापरासाठी काही सवलती देते, एवढी ऐकीव माहिती घरातील वकील पाहुण्याकडून मिळालेली असते आणि तिचा अर्थ ज्याने त्याने आपल्या कार्डाच्या क्षमतेप्रमाणे लावलेला असतो.

हे सारे एका ठिकाणी आणण्याची कल्पना गावात उगवत नाही, ती दिवाळीत पुण्याहून येते. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, फराळ झाल्यावर, मुलगा घरातील यंत्रांची पाहणी करतो, एकच गाणे पाच ठिकाणी सापडल्याने अस्वस्थ होतो आणि एक टेराबाइटची हार्डडिस्क, नवा राउटर व निळ्या वायरीचे भेंडोळे घेऊन कामाला लागतो. राउटर म्हणजे घरातील यंत्रांना एकमेकांशी व बाहेरच्या इंटरनेटशी जोडणारी पेटी. वायर एका दमात शंभर मीटरपर्यंत नेता येते, आणि ती माडीवरून खिडकीवाटे, कपडे वाळत घालण्याच्या दोरीला समांतर अशी, खालच्या खोलीत उतरते. पहिल्या आठवड्यात तिच्यावर टॉवेल पडतो आणि तेथून पुढे ती दोन्ही कामे करते. सेकंदाला शंभर मेगाबिटच्या साध्या जाळ्यावरूनही सातशे मेगाबाइटचा, म्हणजे एका सीडीएवढा, चित्रपट मिनिटभरात इकडून तिकडे जातो, असे मुलगा करून दाखवितो. सर्वांना ते पटते. फक्त आजी विचारतात, ‘‘यानं नेट संपत नाही ना रे?’’

आजींच्या या प्रश्नाची थट्टा होते, परंतु घरातील निम्म्या लोकांच्या मनात तोच प्रश्न असतो आणि तो फार दिवस टिकतो. घरातल्या घरात चालणारे जाळे इंटरनेटवर अवलंबून नसते. रिचार्ज संपला, गावाबाहेर कोठे केबल तुटली, तरी माडीवरचा चित्रपट खालच्या टीव्हीवर चालतो, आणि त्यात दीड जीबीच्या रोजच्या कोट्यातला एक थेंबही खर्च होत नाही. हे सांगून झाल्यावरही काटकसरी काकू महिनाअखेरीस मोठ्या कॉम्प्युटरवरचा हरिपाठ लावीत नाहीत, आणि कोटा शिल्लक असलेल्या सुनेच्या मोबाईलवर तोच हरिपाठ यूट्यूबवरून लावतात.

या व्यवस्थेमागील तंत्र जुने आहे. एका संगणकाच्या फायली दुसऱ्याने उघडाव्यात यासाठी एसएमबी नावाची बोलण्याची पद्धत आयबीएममध्ये बॅरी फायगेनबाम यांनी १९८३च्या सुमारास घडविली. मायक्रोसॉफ्टने ती विंडोजमध्ये वाढविली. आणि ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ साली, विंडोजखेरीजच्या यंत्रांनाही तीच भाषा बोलता यावी म्हणून, सांबा हे मोफत सॉफ्टवेअर लिहिले. टीव्हीसारख्या उपकरणांनी कोणाला काही न विचारता घरातील चित्रपट शोधून काढावेत यासाठी सोनी, इंटेल व इतर कंपन्यांनी २००३ साली डीएलएनए ही संघटना उभारली, आणि २०१७ साली आपले कार्य पूर्ण झाले असे जाहीर करून ती विसर्जित झाली. मंठ्यातील बैठकीत मात्र त्या कार्याची पूर्तता झाल्याची खबर अद्याप पोचलेली नाही, कारण तेथे टीव्हीला चित्रपटांची यादी दिसते, चित्र दिसते आणि आवाज येत नाही. डीटीएस प्रकारात भरलेला ध्वनी अनेक टीव्हींना उलगडता येत नाही, हे त्यामागील साधे कारण आहे. परंतु मूकपटाच्या त्या पहिल्या अर्ध्या तासात सेटटॉप बॉक्स, स्पीकरची वायर आणि रिमोटचे सेल एवढ्या निरपराधांची चौकशी होऊन गेलेली असते.

जुना डेस्कटॉप नव्या लॅपटॉपला न दिसणे हे याहून गूढ प्रकरण आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर विषाणूने जगभर जो धुमाकूळ घातला तो एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतील फटीतून शिरला होता, आणि ती आवृत्ती त्याच वर्षीच्या विंडोज दहाच्या नव्या प्रतींत आधीच बंद करून देण्यात येऊ लागली. विंडोज एक्सपीवरच्या जुन्या संगणकाला तर तेवढीच भाषा येते. परिणामी एकाच छताखाली, एकाच राउटरला जोडलेली दोन यंत्रे एकमेकांना ओळख दाखवीत नाहीत, आणि भाऊबंदकीचा अनुभव असलेल्या घरात याचे कोणालाही फारसे नवल वाटत नाही. जुनी आवृत्ती पुन्हा चालू करण्याचा सल्ला जागोजागी मिळतो. तो धोक्याचा आहे. जुन्या यंत्रातली हार्डडिस्क काढून साठा नव्यावर उतरवून घेणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे, पण त्यासाठी जुने यंत्र उघडावे लागते, आणि त्यावर गेली कित्येक वर्षे गणपतीच्या मखराचे सामान ठेवलेले असते.

वायफायच्या बाबतीत घराचे बांधकाम निर्णायक ठरते. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंती बऱ्यापैकी ओलांडतात, ५ गिगाहर्ट्झच्या वेगवान असल्या तरी भिंतीपाशी दमतात, आणि पत्र्यापुढे दोघींचेही फारसे चालत नाही. मंठ्यातील अनेक घरे ही समोर स्लॅबची, मध्ये जुन्या पांढऱ्या मातीच्या हात-दीड हात रुंद भिंतींची आणि मागे पत्र्याची अशी तीन काळांत बांधलेली असल्यामुळे, बैठकीत दिसणारा चित्रपट माजघरात अडखळतो आणि मागच्या खोलीत थांबतो. मागच्या खोलीत शिकणारी मुले राहतात, त्यामुळे घरातील वडीलधारे हा दोष मानीत नाहीत.

यापुढचा विषय लाईटचा. लाईट गेली की राउटर बंद पडतो, आणि परत आली की तो प्रत्येक यंत्राला १९२.१६८ने सुरू होणारा क्रमांक नव्याने वाटू लागतो. हे क्रमांक १९९६च्या नियमांनुसार खासगी जाळ्यांसाठी राखीव आहेत, म्हणून मंठ्यातील घरच्या वडीलधाऱ्या नानांच्या आणि दूर कॅलिफोर्नियातील त्यांच्या पुतण्याच्या घरातील संगणकाचा क्रमांक एकच असू शकतो, आणि नानांना ही गोष्ट विलक्षण अभिमानास्पद वाटते. अडचण एवढीच की सकाळी जो क्रमांक मोठ्या कॉम्प्युटरला होता तो संध्याकाळी टॅबला मिळालेला असतो, आणि टीव्ही त्या पत्त्यावर जाऊन चित्रपट मागत बसतो. राउटरमध्ये मोठ्या कॉम्प्युटरचा क्रमांक कायमचा राखून ठेवणे आणि लाईट येताच तो आपोआप सुरू होईल अशी सोय त्याच्या बायोसमध्ये, म्हणजे यंत्र जागे होताना प्रथम चालणाऱ्या मूळ प्रणालीत, करून ठेवणे, हे दोन उपाय दहा मिनिटांचे आहेत. ते पुण्याच्या मुलाला माहीत असतात, परंतु ते करण्याची आठवण त्याला शिवाजीनगरला उतरल्यावर होते.

लाईट न जाताही संग्रह बंद पडतो, आणि ते रोज रात्री दहाला घडते. मोठा कॉम्प्युटर नानांच्या खोलीत असतो. झोपण्यापूर्वी नाना घरभर फिरून विनाकारण जळणारे दिवे बंद करतात आणि ज्याच्यासमोर कोणी बसलेले नाही असा संगणक हा त्यांच्या मते विनाकारण जळणाराच असतो. तिकडे बैठकीत चित्रपटाचा शेवट पंधरा मिनिटांवर आलेला असतो.

‘‘नाना, बंद केलात का वो?’’

‘‘कोणीच नव्हतं त्याच्यापुढं.’’

‘‘आम्ही इकडं बघत होतो ना!’’

‘‘मग तिकडचा टीव्ही चालू आहेच की.’’

या उत्तराचे तर्कशास्त्रीय खंडन अद्याप कोणाला जमलेले नाही, आणि खर्चाच्या बाबतीत तर नानांचे चुकतही नाही. ऐंशी वॉट खाणारा डेस्कटॉप चोवीस तास चालू ठेवला तर दिवसाला जवळजवळ दोन युनिटे, म्हणजे महिन्याला साठच्या आसपास युनिटे होतात, आणि काकूंच्या हरिपाठासाठी एवढी वीज जाळणे वारकरी परंपरेतही बसत नाही. साठ्यावर एकाचाच ताबा असण्याची ही रीत नवी नाही. जुन्या माळवदाच्या वाड्यांत भिंतीच्या पोटात धान्य साठविण्याची बळदे असत. साठा साऱ्या कुटुंबाचा, पण ते उघडण्याचा अधिकार एकाच व्यक्तीचा, आणि त्या अधिकारावरून सुनांच्या दोन-दोन पिढ्या नाराज. ‘फक्त वाचता येईल’ आणि ‘वाचता व बदलता येईल’ अशा ज्या परवानग्या संगणकशास्त्राने फार विचारान्ती शोधल्या, त्या या बळदाच्या जागी आल्या आहेत. पासवर्ड कोणालाही माहीत नसतो आणि तो नानांच्या डायरीत, गॅस एजन्सीच्या क्रमांकाखाली, लिहिलेला असतो.

संग्रह उभा राहिला तरी त्यात हवी ती वस्तू सापडणे हा निराळा प्रश्न आहे, आणि त्यासाठी थोडे मागे जावे लागते. देवगिरीच्या यादवांच्या पदरी महादेव व रामचंद्र या राजांच्या काळात श्रीकरणाधिप, म्हणजे दप्तरखात्याचा प्रमुख, असलेल्या हेमाद्री पंडिताचे गाव म्हणून परंपरेने जे सांगितले जाते ते हेलस याच मंठा तालुक्यात आहे. चुना न वापरता दगड बसविण्याच्या बांधकामपद्धतीला त्याचे नाव लागले आणि मोडी लिपीचे श्रेयही परंपरा त्यालाच देते. येथे मात्र त्याचा ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा प्रचंड ग्रंथ महत्त्वाचा आहे, कारण तो मुळात वर्गीकरणाचा उद्योग आहे. व्रत, दान, तीर्थ आणि मोक्ष असे चार खंड केल्यावर जे कोठेच बसत नाही त्यासाठी त्याने पाचवा परिशेषखंड योजला. सातशेहून अधिक वर्षांनंतर त्याच्याच तालुक्यातील मोठ्या कॉम्प्युटरवर ‘गाणी’, ‘पिक्चर’, ‘कीर्तन’ आणि ‘फोटो’ असे चार फोल्डर केलेले आढळतात, आणि नव्वद टक्के माल ‘न्यू फोल्डर’मध्ये असतो. त्याच्या आत ‘न्यू फोल्डर (२)’ असतो. परिशेषाचाही परिशेष करावा लागेल, हे हेमाद्रीला सुचले नव्हते.

गाण्याच्या फायलीत गायकाचे व गाण्याचे नाव लिहिण्याची सोय असते, तिला टॅग म्हणतात. दुकानातून भरून आणलेल्या गाण्यांत गायकाच्या जागी बहुधा ज्या संकेतस्थळावरून गाणे उतरविले त्याचेच नाव असते, त्यामुळे संग्रहाच्या सूचीप्रमाणे प्रल्हाद शिंदे, लता मंगेशकर आणि बँडवाल्याने वाजविलेली नागीण धून हे सारे एकाच कलावंताचे कर्तृत्व ठरते. एखादा अभ्यासू भाचा ही नावे देवनागरीत नीट लिहावयास बसतो तेव्हा त्याला आणखी एक गोष्ट कळते. १९९६ साली निघालेल्या या टॅगच्या पहिल्या प्रकारात नावासाठी तीस बाइट एवढीच जागा ठेवलेली होती, आणि सध्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना, मात्रा आणि हलन्तासकट, तीन बाइट घेते. ‘ज्ञानेश्वर’ या नावात अशी चिन्हे बरोबर दहा होतात. म्हणजे ज्ञानेश्वर त्या चौकटीत नेमके मावतात, आणि ‘ज्ञानेश्वर माउली’ लिहू गेल्यास माउली बाहेर राहतात. टॅगच्या पुढच्या आवृत्त्यांनी ही अडचण दूर केली, पण जुन्या फायलींत जुनेच टॅग असल्यामुळे टीव्हीच्या पडद्यावर कित्येक संत अर्धे आणि कित्येक चौकोनी ठोकळ्यांच्या रूपात प्रकट होतात. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम सांगितले त्यांतील एक वाचकाचा वेळ वाचविण्याविषयी आहे. तो येथे पाळला जाण्याची आशा करू नये.

साऱ्या संग्रहात ज्याला खरोखर पर्याय नाही असे एकच साहित्य असते, आणि ते म्हणजे लग्नाची शूटिंग. गाणे पुन्हा मिळेल, चित्रपट पुन्हा मिळेल. पण आत्याच्या लग्नात मांडवात हरवलेला आणि शेवटी स्वयंपाक्यांच्या चुलाण्यामागे झोपलेला सापडलेला आजचा नायब तहसीलदार दुसऱ्या कोणत्याही संग्रहात नाही. ही शूटिंग डीव्हीडीवरून उतरविली की तिचे सलग चित्र राहत नाही, कारण डीव्हीडीवरील चित्रफिती जास्तीत जास्त एकेक गिगाबाइटच्या फायलींत तोडून ठेवलेल्या असतात आणि ही तोड प्रसंग पाहून केलेली नसते. डीव्हीडी प्लेअरमध्ये सांधा कळत नाही. संग्रहातून एकेक फाईल लावली की साधारण वीस-पंचवीस मिनिटांनी सारे थांबते. एखाद्या घरात अंतरपाट धरलेला असतो, भटजींचा सूर चढलेला असतो, अक्षता मुठींत असतात, ‘शुभमंगल साव’ एवढे उच्चारले जाते आणि पडदा काळा होतो. उरलेले ‘धान’ तिसऱ्या फाईलमध्ये असते, आणि ती फाईल कोणी तरी जागा कमी पडते म्हणून काढून टाकलेली असते. कागदोपत्री ते लग्न लागलेले आहे. संग्रहात लागलेले नाही.

ज्या दिवशी मध्यवर्ती हार्डडिस्क बंद पडते त्या दिवशी या व्यवस्थेची खरी परीक्षा होते. हार्डडिस्कमधील तबकड्या मिनिटाला हजारो वेळा फिरतात, मराठवाड्याच्या मे महिन्यात बंद खोलीतले तापमान त्यांना सोसावे लागते, आणि लाईटच्या धक्क्यांची त्यात भर पडते; त्या कधी तरी बंद पडणारच. साठा एकाच जागी आणून बाकीच्या प्रती पुसण्याचा मुलाचा आग्रह शास्त्राला धरून असला तरी तो अर्धवट शास्त्राला धरून होता, कारण प्रती कमी करणे आणि सुरक्षित प्रत राखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्याने दिवाळीच्या चार दिवसांत पहिलीच केली. घर वाचते ते ज्यांनी त्याचे ऐकले नाही त्यांच्यामुळे. काकूंनी हरिपाठ कार्डात ठेवलेला असतो, भाच्याने सासरी दाखवायला म्हणून लग्न पेनड्राइव्हवर नेलेले असते, आजींच्या पिशवीत जुन्या फोटोंचे एक कार्ड निघते, आणि ती गहाळ झालेली तिसरी फाईल जिंतूरच्या एका मोबाईलमध्ये सापडते. शहाण्यांनी ज्याला पसारा म्हटले तो खरा संग्रह होता, आणि ज्याला संग्रह म्हटले तो नानांच्या खोलीतला एकुलता एक धोका होता, असा निर्णय या प्रकरणी द्यावा लागतो. मध्यवर्ती संग्रह वाईट नाही. त्याच्या भरवशावर प्रती पुसणे वाईट.

तेव्हा ज्यांच्या कपाटात लग्नाच्या सीडी अजून पिवळ्या कागदी पाकिटांत पडून आहेत त्यांनी पुढचा उन्हाळा येण्यापूर्वी त्या उतरवून घ्याव्यात, कारण घरी भरलेल्या सीडीतील रंगाचा थर उष्णतेने व उजेडाने खराब होतो आणि मग ती कोणत्याच यंत्रात वाचली जात नाही. उतरविल्यावर एक प्रत मोठ्या कॉम्प्युटरवर ठेवावी, दुसरी वेगळ्या हार्डडिस्कवर घ्यावी, आणि ही दुसरी हार्डडिस्क घरात ठेवू नये. परतूरच्या मावशींकडे ठेवली तरी चालेल. मात्र त्यांना ती भरून हवी आहे असे त्या म्हणाल्या तर नाही म्हणू नये.